चारशे बाराचा सांधा

तो शब्द चौकशीकाकांच्या वाट्याला आला तो मंगळवारी, डबा खायच्या सुट्टीत, आणि तोही खाकी पाकिटातून. खाकी पाकिटातून आजवर कोणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पण या पाकिटाची ते तीन आठवडे वाट बघत होते, म्हणून त्यांनी भाजीचा हात पुसला, पाकीट उजेडाला धरलं आणि कडेने अगदी नाजूकपणे फाडलं.

चौकशीकाका म्हणजे बस स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागे गेली एकोणीस वर्षं बसणारे गृहस्थ. आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव त्यांनाही होतं, पण हजेरीपुस्तकाबाहेर ते कोणी वापरत नसे. या खिडकीला एक काच होती आणि काचेला बोलण्यासाठी एक भोक होतं. ते अशा उंचीवर पाडलेलं होतं की उभ्या माणसाला वाकावं लागे आणि बसलेल्या माणसाला उठावं लागे. त्या भोकातून काकांनी एकोणीस वर्षं जगाला वाट दाखवली होती. आता त्यांचा डोळा वरच्या काचेच्या खोलीवर होता. तिथे माइक होता. माइकवाल्या बाई एकतीस तारखेला निवृत्त होत होत्या, आणि ती जागा मिळावी म्हणून काकांनी अकरा वर्षांत सहा अर्ज केले होते. खिडकीवर माणूस अर्धं ऐकून पळतो. माइकवर मात्र सगळं स्थानक ऐकतं आणि मधे कोणी तोंड घालत नाही, असा काकांचा साधा हिशेब. आगारप्रमुख म्हणाले होते, "वार्षिक शेरा येऊ द्या, मग बघू."

तर तो शेरा आला. वर लिहिलं होतं 'क्र. ४१२'. हा काकांचा बिल्ला नंबर. तो त्यांच्या छातीवर रोज चमकत असे. खाली इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यातल्या तीन काकांनी बोट ठेवून ठेवून लावल्या. वयोमानाने झीज झाली आहे. वळताना फार आवाज होतो. पुढील सेवेत ठेवण्यापूर्वी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी.

झीज झाली आहे हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. वळताना आवाज होतो, हेही एका परीने खरं होतं; प्रवासी वळून निघाला की काका त्याच्या पाठीमागे ओरडत, "अहो, तिसऱ्या फलाटावरून! चौथ्यावरची आधी लागते, तिच्यात चढू नका!" पण पहिली ओळ फक्त दोन शब्दांची होती, आणि ती त्यांच्या घशात अडकली: 'आर्टिक्युलेशन खराब.'

असा शब्द माहीत नाही हे चारचौघांत कबूल करणं चौकशीच्या माणसाला परवडत नाही. शेजारच्या तिकीट खिडकीवाल्याने विचारलं, "काय म्हणतोय शेरा?" तेव्हा काका म्हणाले, "ठीक आहे. आर्टिक्युलेशनविषयी थोडं लिहिलंय." तिकीटवाला म्हणाला, "वा, वा!" त्यालाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर त्यांनी मुलीला गाठलं. मुलगी कॉलेजात शिकत होती आणि जगातली सगळी उत्तरं तिच्या फोनमध्ये होती.

"एक शब्द बघ गं. माझ्यासाठी नाही, एक प्रवासी विचारत होता."

तिने शब्द टाकला. "आर्टिक्युलेशन. एक: स्पष्ट बोलणं, उच्चार. दोन: सांधा, हाडांचा. बाबा, खाली अजून आहेत. वाचू?"

"नको. दोन पुरेत." काका खुर्चीत बसले. एकोणीस वर्षं बोलून बोलून ज्या माणसाने घसा झिजवला, त्याचे उच्चार खराब? आणि तेवढ्यावर न थांबता सांधेही? एका शब्दात एवढा अपमान मावतो, याचं त्यांना दुःखाच्याही आधी नवल वाटलं. बोलण्याचा आणि हाडांचा संबंध काय, हा प्रश्न त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

बायको शिवणाच्या क्लासमधून आठ वाजता परतली. गावाच्या दुसऱ्या टोकाला ती शिवणकाम शिकवायची आणि रोज पाच-दहाच्या बसने जायची. काकांनी तिला कागद दाखवला. प्रवाशाची गोष्ट तिच्यापुढे चालली नसती.

ती पर्स खाली ठेवत म्हणाली, "तुमच्या जिभेला मुळात हाडच नाही. सांधा कुठून येणार?"

"चेष्टा करू नकोस. माइक जाईल. खिडकीसुद्धा जाईल. 'पुढील सेवेत ठेवण्यापूर्वी' म्हटलंय."

हे ऐकून ती त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली. अवेळी चहा मिळाला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं काकांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून ते विद्यार्थ्याच्या शोधात होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यात नवल काय? आपल्याकडे तेच आहे," मास्तर म्हणाले. "व्याकरणात दोन शब्द जोडले की काय होते?"

"संधी."

"गुडघा दुखला की काय होतो?"

"संधिवात."

"आणि तुम्हाला माइकवर काय पाहिजे?"

"संधी," काका पुटपुटले.

"बघा! बोलणं, हाडं आणि नशीब, तिन्हीकडे आपला एकच सांधा. इंग्रजांना दोन अर्थांवर भागवावं लागलं, बिचाऱ्यांना." मास्तर खुशीत आले होते. मग त्यांनी काकांना पाच मिनिटं बोलायला लावलं आणि निदान केलं. "तुम्ही नको तिथे संधी करता. एक वाक्य संपायच्या आत त्याच्या शेपटीला दुसरं जोडता. शब्द सुटे टाका. शब्द, मग श्वास, मग शब्द."

त्या दिवसापासून चौकशीची खिडकी सुटे शब्द टाकू लागली. "बस. फलाट. तीन. साडेदहा." पहिल्याच बाईंनी भोकाजवळ तोंड नेऊन सावकाश विचारलं, "माणसाशी बोलायचं असेल तर कोणतं बटण दाबू?" दुसऱ्या एका गृहस्थांनी काकांची तब्येत विचारली आणि घरी कोण कोण असतं, याचीही चौकशी केली. ही खिडकी चौकशीची असली तरी अशी चौकशी तिथे पूर्वी कधी झाली नव्हती.

शब्दांचं एक मार्गी लागलं, आता हाडं उरली. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा आणि काकांचा जुना परिचय होता. त्यांच्या टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता. वरचा आणि खालचा भाग बिजागरीने जोडलेले. काकांनी शब्द उच्चारताच डॉक्टरांनी त्या जबड्याकडे बोट दाखवलं.

"हा काय, समोरच आहे. आर्टिक्युलेटर. तुमच्या जबड्याचा सांधा कसा हलतो, ते आम्ही याच्यावर बघतो. कानापुढे बोट ठेवा. हं. आता बोला काहीतरी."

काकांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "फलाट." बोटाखाली काहीतरी सरकलं. "स्थानक." पुन्हा सरकलं. त्यांचे डोळे मोठे झाले. आयुष्यभर ते बोलत होते आणि दर शब्दाला इथे, कानाच्या पुढ्यात, एक हाड मुकाट्याने उठत-बसत होतं! त्याची त्यांनी कधी विचारपूसही केली नव्हती. म्हणजे बोलणं आणि सांधा या दोन गोष्टी नव्हत्याच. ज्या कोणी इंग्रजाने हा शब्द केला, त्याने नक्की कानापुढे बोट ठेवलं असणार. क्षणभर काका आपला अपमान विसरले.

मग डॉक्टरांनी एक निळा कागद त्यांच्या दातांमध्ये धरला. "हा आर्टिक्युलेटिंग पेपर. दात कुठे जुळतात, ते उमटतं. चावा."

"म्हणजे या कागदालासुद्धा तोच शब्द?" काकांनी कागदासकट विचारलं. "मग एकंदर किती ठिकाणी हा शब्द..."

"चावा म्हटलं मी. बोला नाही म्हटलं!" पण उशीर झाला होता. जीभ, ओठ आणि पुढचे चार दात निळे झाले. डॉक्टरांनी हसू आवरून लिहून दिलं की जबड्याचा सांधा उत्तम असून इतका वापरातला सांधा त्यांच्या पाहण्यात नाही.

पुढचे दोन दिवस काका निळ्या दातांनी आणि कानापुढे बोट ठेवून खिडकीवर बसले. बोट काही तपासणीसाठी नव्हतं. त्यांना आता तो नादच लागला होता. कोणत्या गावाच्या नावाला सांधा जास्त हलतो, याची त्यांनी एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर यादी केली होती. प्रवाशांना वाटे, काकांना ऐकू येत नाही. ते भोकातून ओरडत. काका दचकून सुटे शब्द टाकत. बाहेर फाटकाच्या वळणावर लांबलचक जोडबस करकर करत वळे आणि त्या आवाजात कोणालाच काही ऐकू जात नसे. दोन बसगाड्या एकमेकींना जोडाव्यात आणि मधे रबराचा भाता असावा, तशी ती बस होती. आगारात तिला जोडगोळी म्हणत. "हिचीसुद्धा हाडं वाजायला लागली," काका मनात म्हणाले. त्यांना तिच्याविषयी नव्याने आपुलकी वाटू लागली होती.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते आस्थापना विभागात गेले. तिथल्या कारकुनाला सगळे नियमराव म्हणत. नियमरावांनी चिठ्ठी उलटसुलट केली.

"हे चालणार नाही. शेऱ्यात 'सक्षम व्यक्ती' आहे."

"डॉक्टर आहेत ते! सक्षम नाहीत?"

"ते तुमच्या दृष्टीने. नियमाच्या दृष्टीने सक्षम व्यक्ती कोण, ते बघावं लागेल." नियमरावांनी एक जाड पुस्तक काढलं आणि पंधरा मिनिटांनी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे बघा. सक्षम व्यक्ती म्हणजे कार्यशाळेचा फोरमन."

"फोरमन? तो मला तपासणार?"

"पुस्तकात दुसरी सक्षम व्यक्तीच नाही. संपूर्ण आगारात तो एकच." नियमरावांनी पुस्तक मिटलं. "मी काय करणार? तीस तारखेपर्यंत त्याची सही आणा, नाहीतर प्रकरण पुढे जाईल."

पुढे म्हणजे कुठे, हे विचारायचं धाडस काकांना झालं नाही. फोरमन म्हणजे कानावर पेन्सिल आणि हातात पाना घेऊन फिरणारा माणूस. त्याच्यासमोर जाऊन 'माझे सांधे बघा' म्हणायचं? ते काम त्यांनी रोज उद्यावर ढकललं, आणि त्या भीतीने घरीही सुटे शब्दच बोलू लागले.

"पुरे." "हो." "झोपतो."

पहिले दोन दिवस बायकोला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने रेडिओ लावला. आठव्या दिवशी बटणं लावता लावता तिने आपण होऊन विचारलं, "आज खिडकीवर कोण कोण आलं होतं?"

"माणसं," काका म्हणाले.

तिने सुई थांबवली. "घरात कोणी नसल्यासारखं वाटतंय हो," ती म्हणाली. काकांना एकदम भरून आलं. बोलावंसं खूप वाटलं, पण खराब सांध्याने काय बोलायचं, म्हणून ते नुसतेच बसून राहिले.

अखेर तीस तारीख उजाडली. दुपारी काका शेरा घेऊन, नाक मुठीत धरून कार्यशाळेकडे निघाले, आणि फाटकापर्यंतच पोचले. फाटकात जोडगोळी अडकली होती. पुढची बस स्थानकात, मागची रस्त्यावर, आणि मधला भाता वाकून जाम. आतली एक गाडी बाहेर जाईना, बाहेरची आत येईना. शंभर-दीडशे प्रवासी जमले होते. वरून माइकवाल्या बाईंनी सांगितलं, "सर्व गाड्या उशिरा आहेत." त्या नेहमी एवढंच सांगत. गर्दी आणखी चिडली.

फोरमन भात्याखाली पाठीवर पडला होता. काका वाकले. आता नाही तर कधीच नाही.

"फोरमनसाहेब, एक सही हवी होती. माझं आर्टिक्युलेशन खराब आहे."

फोरमन हळूहळू बाहेर सरकला. त्याने काकांचं कानापुढचं बोट पाहिलं आणि मग तो कागद घेतला. वाचता वाचता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काका, हा कागद तुम्हाला कोणी दिला? अहो, हा हिचा आहे!" त्याने जोडगोळीच्या भात्यावर थाप मारली. तिथे पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ४१२. "हा जो मधला सांधा आहे ना, याला आर्टिक्युलेशन म्हणतात. वळताना आवाज, झीज, सगळं हिचं. वाहन निरीक्षकांचं अक्षर आहे हे. तीन आठवडे मी या कागदाची वाट बघतोय!"

खाली अजून अर्थ आहेत, वाचू का, असं मुलगी म्हणाली होती. काकांना ते आत्ता आठवलं. आपण एकोणीस वर्षांच्या चौकशीच्या नोकरीत पहिल्यांदाच चौकशी अर्धवट सोडली, आणि ती नेमकी ही.

तेवढ्यात एका आजींनी त्यांच्या बाहीला धरलं. "अहो, झालंय काय? गाडी मिळणार की नाही?"

आणि दोन आठवड्यांचं कुलूप निघालं. काका जोडगोळीच्या पायरीवर चढले. "आजी, त्याचं असं आहे, ही बस म्हणजे मुळात दोन बसगाड्या, आणि त्यांच्या मधे आहे सांधा, जसा आपल्या कानापुढे असतो, बोट ठेवून बघा, हं, तसाच, तर तो आखडलाय, म्हणून बाजाराकडे जाणाऱ्यांनी मागच्या फाटकाने रस्त्यावर जायचं, तिथे बाहेर थांबलेली गाडी उलटी फिरवून देतील, दवाखान्याकडच्यांनी चौथ्या फलाटावरच थांबायचं, पाचवरची आधी सुटेल पण ती दवाखान्यावरून जात नाही, तिच्यात चढू नका..." एकाही वाक्याला शेवट नव्हता. पण दहा मिनिटांत गर्दी बाजाराकडे आणि दवाखान्याकडे अशी नीट विभागली गेली. बरेच जण जाता जाता कानापुढे बोट ठेवून स्वतःशी पुटपुटत होते.

आगारप्रमुख धावत आले होते ते मधेच थांबून ऐकत राहिले. काका पायरीवरून उतरले आणि त्यांना पहिला प्रश्न सुचला तो असा: "मग माझा शेरा कुठे आहे?"

फोरमनने खिशातून एक तेलकट कागद काढला. "हा असणार. गाडीच्या फायलीत आला. मराठीत आहे. मी रोज वाचतो, पण शेवटचे दोन शब्द सोडले तर मला काही उमगलं नाही."

"माझं अक्षर आहे," आगारप्रमुख म्हणाले. काकांनी कागद घेतला आणि वाचला.

'क्र. ४१२. विचारलेल्यापेक्षा जास्त सांगतात. त्यामुळे प्रवाशांची गाडी चुकते. पण कोणती चुकली, ती कुठून जाते आणि पुढची केव्हा, हे त्यांना नीट कळलेले असते. तक्रार एकही नाही. संधी द्यावी.'

"म्हणून मी दिली," फोरमन म्हणाला. "साहेबांनी लिहिलंय संधी द्यावी. म्हटलं, चालू दे बिचारी आणखी काही दिवस. तीन आठवडे हिला संधीच देतोय."

काकांनी कागदाची घडी घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण स्वाभिमान अजून जागा होता. "साहेब, ते 'प्रवाशांची गाडी चुकते' हे जरा..."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही," काका म्हणाले. "पण त्रोटक आहे."

एक तारखेला काका काचेच्या खोलीत बसले. समोर माइक, खाली सगळं स्थानक. जोडगोळी कार्यशाळेत गेली होती. सांध्याला नवे भाग बसणार होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिसऱ्या फलाटावर, भोंग्याच्या बरोबर खाली, त्यांची बायको शिवणाची पिशवी घेऊन येऊन उभी राहिली. काकांनी तिला पाहिलं, घसा साफ केला आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. पाच-दहाची गाडी फलाट तीनवर लागलेली आहे. आज ती छोटी आहे, याचं कारण चारशे बारा नंबरची जोडबस दुरुस्तीला गेली आहे. तिचा सांधा आखडला होता. सांधा म्हणजे काय, तर..."

गाडीचा दरवाजा उघडा होता. बाकीचे चढले. ती पिशवी छातीशी धरून, मान वर करून ऐकत उभी होती. वाहकाने दोनदा घंटा मारली. गाडी हलली, वळली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा काका संधिवातापर्यंत आले होते.

आठ वाजता येणारी बायको त्या दिवशी नऊला आली. काकांनी दार उघडलं. "उशीर?"

"पाच-दहाची चुकली," ती चपला काढत म्हणाली.

"कोणती? बाजारावरून जाणारी की..."

"कळलं होतं हो," ती म्हणाली. "अगदी नीट कळलं होतं." आणि पिशवी खुंटीला अडकवून ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "हं. आता सांगा. आज कोण कोण आलं होतं?"